बर्फ संपेपर्यंत

आमच्या तळघरात एक निळा क्यूलबॉक्स आहे. क्यूलबॉक्स म्हणजे सहलीला जाताना दूध, दही, बिअर गार ठेवून न्यायची जाड भिंतींची पेटी. रेगेन्सबर्गात उन्हाळा लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी ती मागायला येतं आणि जाता जाता विचारतं, इतक्या स्वस्तात इतकी चांगली पेटी शोधलीस तरी कशी? मी म्हणतो, अभ्यास केला. त्यावर आतून बायकोच्या खोकण्याचा आवाज येतो. तिला खोकला वगैरे काही झालेला नसतो.

तेव्हा काय झालं ते एकदा सांगूनच टाकतो.

ती पेटी घेतली त्या वर्षी मे महिन्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. व्हिसा तीन महिन्यांचा, परतीचं तिकीट ऑगस्टमधलं. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं, भोरच्या घरात ते एकटेच असायचे, म्हणून बायकोने हट्टाने बोलावून घेतलं होतं. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी चहा घेता घेता ते म्हणाले, "जावईबापू, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघा. इथं मला काही काम नाही."

"तिकडे तरी काय काम आहे, बाबा?" बायकोने विचारलं.

"तिकडे निदान सकाळी कुलूप काढतो, संध्याकाळी लावतो."

बायको उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिला बाबा तीन महिने पुरते हवे होते. मलाही हवे होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण सासऱ्यांसमोर मी नऊ वर्षं जरा ताठच वागत आलो होतो. त्यांनी मला नऊ वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही नव्हतं म्हटलं. "बरं आहे," एवढंच.

अडचणीचं मूळ सोफ्यावर बसलेलं होतं. एका टोकाला आजोबा, दुसऱ्या टोकाला आमची आठ वर्षांची लेक. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते जर्मन. आजोबांनी चार प्रश्न विचारले की ही चार उत्तरं जर्मनमध्ये द्यायची आणि पुस्तकात डोकं घालायची. आजोबांना अख्ख्या जर्मनमधला एकच शब्द येत होता, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर. तो ते सगळीकडे वापरायचे. तिने काहीही सांगितलं की हे गंभीरपणे मान हलवून म्हणायचे, "गेनाऊ." एकदा ती त्यांना सांगत होती की तुम्ही माझ्या चष्म्यावर बसला आहात.

जूनमध्ये सोमवारच्या सुट्टीमुळे लांबलेला एक शनिवार-रविवार येत होता. बायकोने ठरवलं की बाबांना चेक सरहद्दीकडच्या जंगलातल्या तळ्याकाठी तंबूत न्यायचं, तीन रात्री. "तिथं त्यांचं मन रमलं तर ठीक," ती म्हणाली, "नाहीतर मंगळवारी तिकीट बदलायचं, मी अडवणार नाही." तंबू ऑफिसातल्या एकाकडून मिळाला. गाद्या, दिवा, गॅसची शेगडी, सगळं उसनं जमलं. "तू फक्त एक क्यूलबॉक्स आण. स्वस्तातला. आणि हे बघ, एक्सेल उघडू नकोस."

आता मला पगार कशाचा मिळतो, तर उन्हात उभ्या गाडीच्या आत गारवा किती वेळ टिकतो हे मोजण्याचा. अशा माणसाला पेटी आणायला सांगायची आणि वर एक्सेल उघडू नकोस म्हणायचं, हा निव्वळ अन्याय आहे. मी उघडलं. जाहिरातीचं पत्रक, ज्याला इथे प्रॉस्पेक्ट म्हणतात, ते दर आठवड्याला टपालपेटीत येऊन पडतंच. त्यातून आणि इंटरनेटवरून मी तेवीस पेट्या गोळा केल्या. भिंतीची जाडी, वजन, लिटर, झाकण, किंमत. शेवटी तीन उरल्या. एक चाकांची, जाड भिंतींची, रुबाबदार आणि महाग. एक गाडीच्या सॉकेटला लावायची, विजेवर चालणारी. आणि प्रॉस्पेक्टातली सगळ्यात स्वस्त निळी, केवळ तुलनेपुरती.

निवड करण्याची माझी एक पद्धत आहे. ती सांगताना बायकोला लाज वाटते, मला नाही. इथल्या बाउमार्क्टात, म्हणजे घरसामानाच्या त्या प्रचंड दुकानात, वस्तू चौदा दिवसांत परत करता येते. मी तिन्ही पेट्या घरी आणल्या.

एका शनिवारी स्वयंपाकघरात चाचणी मांडली. प्रत्येक पेटीत सारखाच माल, एक लिटर दूध, पाण्याच्या दोन बाटल्या, दोन बर्फाच्या विटा आणि एक थर्मामीटर. विटा म्हणजे त्या निळ्या प्लॅस्टिकच्या, आत पाणी भरलेल्या, फ्रीझरमध्ये गोठवतात त्या. दर तासाला झाकण उघडायचं, आकडा वाचायचा, एक्सेलमध्ये भरायचा. सासरे खुर्ची ओढून बसले. त्यांना बघायला काहीतरी मिळालं म्हणून मलाही बरं वाटलं.

"पेट्या आधी गार करून घेतल्यात का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना समजावलं. उष्णता कशी वाहते, भिंतीतला फोम तिला कसा अडवतो, जाडी दुप्पट झाली की काय होतं. चांगली दहा मिनिटं समजावलं. वहीचं पान फाडून आकृतीसुद्धा काढली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दर तासाला झाकण उघडता ते का?"

"आकडा घ्यायला, बाबा. मोजल्याशिवाय कळणार कसं?"

"गेनाऊ," ते म्हणाले.

थोड्या वेळाने मी हात धुऊन येतो तर त्यांनी प्रॉस्पेक्टाची एक पट्टी फाडून झाकणात अडकवली होती आणि ती ओढून बघत होते. मग दुसऱ्या पेटीच्या झाकणात. मग तिसऱ्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना वेळ जात नाही. त्यांनी माझी आकृती घडी करून खिशात ठेवली होती. मला त्याचाही आनंद झाला.

संध्याकाळी निकाल लागला. चाकांची पेटी पहिली, विजेची दुसरी, निळी तिसरी. मी बायकोला रंगीत आलेख दाखवला. ती म्हणाली, "महाग आहे." मी म्हणालो, महाग वस्तू शेवटी स्वस्तच पडते. हे वाक्य मी लग्नापासून वापरतोय आणि ते अजून एकदाही चाललेलं नाही, पण सोडवत नाही. दोन दिवस वाद घालून मी तिला जवळजवळ पटवत आणलं आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर उरलेल्या दोन पेट्या परत करायला निघालो. सासरे म्हणाले, मीही येतो.

परतीच्या काउंटरवर एक धिप्पाड बाई होत्या. त्यांनी विजेची पेटी उघडली, आत बघितलं, बंद केली, शिक्का मारला. मग निळी उघडली. उघडली आणि मागे सरकल्या. मोहरी, मेथी, हिंग, कैरी. तळाशी तांबडं तेल पसरलेलं आणि त्यात बरणीच्या बुडाचा गोल ठसा. सासऱ्यांनी भोरहून आणलेलं लोणचं होतं ते, त्यांच्या बहिणीच्या हातचं. वास शेजारच्या रंगाच्या डब्यांपर्यंत गेला असावा, कारण तिथला एक माणूस वळून बघायला लागला.

"हे नाही घेता येणार," बाई म्हणाल्या. जर्मनीत असं वाक्य आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. तरी मी बोललो. साबणाने धुतो म्हणालो. बाईंनी पेटी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. सासरे शेजारी उभे होते. ते त्या बाईंकडे बघून अदबीने म्हणाले, "गेनाऊ."

मी घरी येऊन आरडाओरडा केला. लोणचं माझ्या यादीत नव्हतं. लोणचं कुणी ठेवलं? बायको म्हणाली, मी नाही, तुझ्या त्या प्रयोगाला मी हात लावत नाही. लेक म्हणाली, इश निश्ट, म्हणजे मी पण नाही. सासरे फोनवर भोरच्या पावसाची बातमी वाचत होते. मग बायकोने निकाल दिला, की एका घरात दोन पेट्या कशाला, तेल पडलेली ठेव आणि महागाची परत कर. तेवीस पेट्या, पाच रकाने, एक आलेख, आणि निवड शेवटी लोणच्याने केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

निघायच्या सकाळी मी फ्रीझरमधून विटा काढल्या आणि पेटीत ठेवायला लागलो. सासऱ्यांनी माझा हात धरला.

"थांबा. अजून नाही."

त्यांनी विटा ओट्यावर ओळीत मांडल्या. थोड्या वेळाने एक उचलली, कानाशी धरली आणि हलवली. खाली ठेवली. दुसरी उचलून कानाशी धरली. मी बायकोला खुणेने बाहेर बोलावलं. म्हणालो, हे बघ, बाबांचं काहीतरी बिनसलंय, ते बर्फाशी बोलतायत.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत नाही बाबा काय करायचे?"

"आरोग्य खात्यात होते ना."

"आरोग्य खात्यात काय करायचे?"

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एक टेबल होतं, फायली होत्या, त्यामागे मी त्यांना बसवून ठेवलं होतं. तिने सांगितलं की बाबांनी तीस वर्षं लसी वाहिल्या. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर, खांद्याला बर्फाची पेटी अडकवून, बरंचसं पायी. लस तापली की वाया आणि गोठली तरी वाया. म्हणून वीट फ्रीझरमधून काढली की लगेच पेटीत घालायची नाही. जरा बाहेर ठेवायची, कानाशी धरून हलवायची, आत पाण्याचा थोडा आवाज आला की मग भरायची. "एक बाटली कधी फुकट घालवली नाही त्यांनी," ती म्हणाली. "आई म्हणायची, पोरांपेक्षा पेटीला जपतो हा माणूस."

अशा माणसाला मी गारवा म्हणजे काय हे आकृती काढून शिकवलं होतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ती आकृती अजून त्यांच्या खिशात असेल का, हाच एक विचार डोक्यात घोळायला लागला.

तरी खोड जात नाही. आत येऊन मी म्हणालो, "पण बाबा, आपण लस कुठे नेतोय? गोठलं तर गोठलं."

"कोथिंबीर काळी पडेल," ते म्हणाले. "काकडीचं पाणी होईल. खाल तुम्ही?"

तेवढ्यात लेक आली आणि दारातच थांबली. आजोबा काय करतायत, तिने जर्मनमध्ये विचारलं. त्यांनी हाताने खूण करून तिला जवळ बोलावलं, तिचे केस मागे सारले आणि वीट तिच्या कानाशी धरून हलवली.

"ऐकू येतंय?"

तिने मान हलवली, नाही.

"म्हणजे अजून नाही."

ती ओट्याशी उभी राहिली. मी गाडीत सामान भरत होतो. आत-बाहेर करताना दिसायचं, दोघं आळीपाळीने विटा कानाशी धरतायत. पंधरा-वीस मिनिटांनी आतून तिचा आवाज आला, "आजोबा, झालं." मराठीत, चक्क. बायकोच्या हातात पोळ्यांचा डबा होता, तो तिने तसाच छातीशी धरला. मी डिकी तीनदा उघडून बंद केली.

पेटीच्या मधोमध आजोबांनी एक स्टीलचा उभा डबा ठेवला, त्यात रात्रभर गोठवलेला एकच मोठा गोळा होता. एकसंध बर्फ चुऱ्यापेक्षा जास्त टिकतो म्हणाले. हे मलाही माहीत होतं, पण मी मिठाची गुळणी धरली.

तळ्याकाठी तीन दिवस ऊन मी म्हणत होतं. आजोबांनी पेटी एका पाइनच्या सावलीत ठेवली, वर ओला पंचा घातला आणि नातीला पहारेकरी नेमलं. सावली सरकली की दोघं दोन कड्या धरून पेटी सरकवायचे. दिवसभर ती पेटी झाडाभोवती फिरत होती. तिने एक वही केली. सकाळी किती अंश, संध्याकाळी किती, झाकण कुणी उघडलं आणि कशासाठी. उघडण्याआधी काय काढायचं ते सांगायचं, मगच हात लावायचा. मी बिअर काढायला गेलो तर ही वही घेऊन उभी.

"कशाला?" तिने विचारलं. मराठीत. आजोबांनी शिकवलेला सरकारी आवाज होता.

"तहान लागलीय."

तिने पेन्सिलीने सार्वजनिक नळाकडे बोट केलं. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते तळ्यातली बदकं मोजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या तंबूतले म्हातारे गृहस्थ हातात लोण्याची वडी घेऊन आले. लोणी पार ओघळलं होतं. त्यांच्याकडे चाकांची, जाड भिंतींची, रुबाबदार पेटी होती, माझ्या पहिल्या नंबरची. तिच्यातला बर्फ सकाळीच संपला होता, कारण गृहस्थ दर बिअरला ती उघडत होते. लेकीने त्यांचं लोणी वहीत लिहून घेतलं आणि पेटीत ठेवलं. मी आजोबांच्या शेजारी जाऊन बसलो.

"बाबा, लोणचं तुम्हीच ठेवलं होतंत ना?"

"तुमची चाकाची पेटी दिसायला छान होती," ते म्हणाले. "पण कागद सरकन् निघत होता. झाकण ढिलं. विजेचीही तीच गत. निळीचा कागद फाटला पण सुटला नाही."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही आकृती काढत होतात." त्यांनी गवताची काडी तोडली. "बरणीचं झाकण मात्र मी जरा जास्तच सैल केलं. अर्धं लोणचं गेलं माझं."

शेरास सव्वाशेर भेटला की चिडायला हवं, पण मला हसू आवरेना. तेही हसले. नऊ वर्षांत आम्ही दोघं एकाच गोष्टीवर पहिल्यांदा हसलो.

शेवटच्या सकाळी तंबू उतरवताना बायकोने विचारून टाकलं. तिला राहवत नव्हतं. "बाबा, उद्या मंगळवार. तिकिटाचं काय करू?"

त्यांनी पेटीचं झाकण उचलून डबा बघितला. गोळा मुठीएवढा उरला होता. "हा बर्फ आहे तोवर राहतो," ते थट्टेने म्हणाले. "संपला की निघतो."

बायकोने तोंड फिरवलं. लेक तिथेच पंचा पिळत होती. तिला मराठी सगळं कळतं हे आम्ही मोठी माणसं नेहमी विसरतो.

घरी आल्यावर मी पेटी रिकामी करायला घेतली तर तिने झाकणावर बसकण मारली. पेटी दिवाणखान्यात राहील, म्हणाली, वही चालू आहे. मंगळवारी सकाळी आजोबांनी झाकण उघडलं, डबा बघितला. "अजून आहे," म्हणाले, आणि वहीत लिहिलं. बुधवारी बघितलं. "अजून आहे." गुरुवारी मी डोकावलो. डबा काठोकाठ भरला होता, आणि बर्फाचे सगळे तुकडे चौकोनी. गोळा वितळून चौकोनी तुकडे होत नाहीत, हे कळायला माझी पदवी लागत नाही. फ्रीझरमधला बर्फाचा ट्रे रिकामा होता, आणि ओट्यापासून दिवाणखान्यापर्यंत जमिनीवर पाण्याचे थेंब.

"पण हे शक्यच नाही," मी म्हणायला सुरुवात केली. बायकोने टेबलाखालून माझा पाय इतक्या जोरात दाबला की मी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

तिकीट बदललं नाही. जून गेला, जुलै अर्धा गेला. रोज सकाळी सहा-साडेसहाला छोटी पावलं वाजायची, फ्रीझरचं दार कुरकुरायचं, आणि आम्ही डोळे मिटून पडून राहायचो. आजोबा साडेसातला उठून यायचे, झाकण उघडायचे, नवल केल्यासारखे मान हलवायचे. ज्या माणसाने तीस वर्षं बर्फ किती वेळ टिकतो यावर लसी वाचवल्या, तो महिनाभर एका डब्यातल्या बर्फाचं नवल करत होता. दोघांचं दिवसभर काहीतरी चालायचं. ती अर्धं मराठी, अर्धं जर्मन बोलायची, आणि ते "गेनाऊ" म्हणायचे, आता बहुतेक वेळा योग्य जागी.

मग जुलैच्या शेवटी शाळेने लेकीला दोन दिवस कुठल्याशा शेतावर नेलं. परतीच्या तिकिटाला अजून बारा दिवस होते. पहिल्या सकाळी ती डबा भरूनच निघाली होती. दुसऱ्या दिवशी माझे डोळे सहालाच उघडले. डब्यात पाणी झालं असणार. थट्टा होती हे खरं, पण बाबा शब्दाचे पक्के होते, आणि रिकामा डबा त्यांच्या दृष्टीस पडू नये असं मला फार वाटलं. मी उठलो. आवाज होऊ नये म्हणून सपाता न घालता, पोरीसारखा चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेलो.

फ्रीझर उघडा होता. समोर सासरे उभे होते, अंगात बंडी, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात बर्फाचा ट्रे. ट्रे पिळून ते तुकडे डब्यात पाडत होते. मला बघून ते दचकले नाहीत. शेवटचा तुकडा पाडला, ट्रे नळाखाली धरून भरला आणि सांडू न देता परत आत ठेवला.

"पेटी चांगली निवडलीत हो, जावईबापू," ते म्हणाले. "बर्फ अजिबात संपत नाही."

"गेनाऊ," मी म्हणालो.